दौलतराव पडले, तिथून पुढे

लोणावळा लोकल देहूरोड सोडून बेगडेवाडीला थांबते आणि घोरवडेश्वराचा डोंगर समोर येतो. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग 1858 सालचा. वासुदेव बळवंत फडक्यांना पुण्याहून ठाण्याच्या तुरुंगात नेले ते याच मार्गाने. तिथून पुढे एडन, हद्दपारी आणि मृत्यू. पण त्यांचा घात नेमका कधी झाला? माझ्या मते अटकेच्या आधीच, 1879 च्या मे महिन्यात.

10 मे, रात्र. इंग्रजांविरुद्धच्या बंडाला अडीच महिने झालेत. फेब्रुवारीत धामारीला पहिला दरोडा पडला. 1876 ते 78 च्या दुष्काळात गावेच्या गावे उपाशी मेलेली वासुदेव बळवंतांनी फिरून पाहिली होती. लष्करी हिशेबखात्यातला हा कारकून रामोशी, कोळी, धनगरांना हाताशी धरून उभा राहिला. सुशिक्षित पुण्याने मात्र फारशी साथ दिली नाही. पैसा हवा, म्हणून दौलतराव नाईक टोळी घेऊन कोकणात उतरलेत.

11 मे. पळस्पे आणि चिखली लुटले गेले. मोठा ऐवज हाती आला. पळस्पे म्हणजे पनवेलजवळ, वासुदेव बळवंतांचे जन्मगाव शिरढोण तिथून हाकेच्या अंतरावर. आता घाट चढून सुखरूप माथ्यावर पोचायचे, एवढेच उरले.

घाटमाथ्याकडे परतताना. मेजर डॅनियलने टोळीला गाठले. दौलतराव गोळी लागून पडले. फौज उभारण्याची सारी भिस्त ज्या ऐवजावर होती, तो गेला. माणसे जमवणारा, रानवाटा ठाऊक असलेला नाईकही गेला. माझ्या लेखी बंड इथेच संपले. पुढचे दिवस होते ते पाठलागाचे.

13 मे, रात्र. पुण्यात बुधवारवाडा पेटला, विश्रामबागवाड्यालाही आग लागली. संशयाची सुई वासुदेव बळवंतांकडे वळली, आग मात्र त्यांनी लावलेली नव्हती. सरकार धास्तावले आणि शोध आणखी कडक झाला.

जून, जुलै. निजामाच्या मुलखात नव्याने रोहिले जमवायची धडपड चालली. मागे डॅनियल, सोबत निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक. मुक्काम एका गावी टिकत नाही. पावसाळा लागलेला, अंगात ताप.

20 जुलै, उत्तररात्र. कलादगी जिल्ह्यातले देवर नावडगी. देवळात थकून झोपलेल्या वासुदेव बळवंतांना डॅनियलच्या माणसांनी धरले. दौलतराव पडल्याला सत्तर दिवसही झाले नव्हते.

नोव्हेंबर, पुणे. त्यांनी स्वतः लिहिलेली रोजनिशी आणि आत्मवृत्त सरकारच्या हाती लागले होते, तेच पुरावा म्हणून पुढे आले. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी वकीलपत्र घेऊन उभे राहिले. त्या दिवसांत हे धाडस थोडे नव्हते. शिक्षा झाली जन्मठेप, काळ्या पाण्याची.

मग ती गाडी. चिंचवड, तळेगाव, लोणावळे, खंडाळा. बोरघाटात त्या काळी रिव्हर्सिंग स्टेशनावर इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे लागे, गाडी तिथे थांबेच. घाटाच्या पायथ्याशी पसरलेला मुलूख या कैद्याचा स्वतःचा होता.

जानेवारी 1880. बोटीने एडनला. एडनचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्यातूनच चाले, म्हणजे समुद्रापार पाठवूनही हा कैदी मुंबई सरकारच्याच मुठीत राहिला. तिथेही ते स्वस्थ बसले नाहीत. कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले. अनोळखी रखरखीत मुलूख, रानवाट दाखवायला कोणी दौलतराव नाही. लवकरच पुन्हा पकडले गेले.

17 फेब्रुवारी 1883. वासुदेव बळवंत एडनच्या तुरुंगात गेले. वय 37.

त्यांना आपण आद्य क्रांतिकारक म्हणतो, आणि ते योग्यच आहे. बेगडेवाडीहून पुण्याला जाणाऱ्यांनी एकदा शिवाजीनगरला उतरून संगम पुलाजवळचे त्यांचे स्मारक पाहावे. सोबत मुले असतील तर त्यांना दौलतराव नाईकांचेही नाव सांगावे.