बाटली दुकानाबाहेर पडल्यानंतर : कीटकनाशकांच्या कायद्याचा इतिहास

महाराष्ट्रातला शेतकरी पिकावर विष मारतो असे कधी म्हणत नाही. तो 'औषध मारतो'. नोकरीच्या निमित्ताने प्रांत बदलत गेल्यावर माझ्या ध्यानात आले की हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य नव्हे. तेलुगू शेतकरी 'पुरुगुल मंदु' म्हणतो, तमिळ शेतकरी 'पूच्चि मरुंदु' म्हणतो आणि उत्तरेकडे तीच 'कीडे मारने की दवा' होते. मंदु, मरुंदु, दवा या सर्वांचा अर्थ एकच, औषध. कायदा मात्र त्याच बाटलीवर लाल अक्षरांत 'विष' असे छापावयास लावतो. लोकभाषा आणि कायद्याची भाषा यांच्यातल्या या अंतराचा इतिहास फार जुना नाही. पण प्रशासनाला आपल्या मर्यादा दाखवून देणारा आहे. म्हणून आज त्याविषयी लिहीत आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत रासायनिक कीटकनाशके आपल्याकडे आली ती तारणहार म्हणून. डीडीटी आले हिवतापाच्या डासांसाठी आणि बीएचसी आले टोळधाडीसाठी. १९५२ मध्ये कलकत्त्याजवळ बीएचसीचे उत्पादन सुरू झाले आणि १९५४ मध्ये डीडीटी तयार करण्यासाठी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. दुष्काळाच्या आठवणी ताज्या असलेल्या देशाला धान्य वाचविणारे प्रत्येक रसायन वरदान वाटले, यात नवल नाही. त्या रसायनांच्या आयातीवर, विक्रीवर, वाहतुकीवर देखरेख करणारा स्वतंत्र कायदा मात्र नव्हता. तो व्हावा असे कोणाला तीव्रतेने वाटलेही नाही.

१९५८ च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ आणि तत्कालीन मद्रास राज्यात माणसे अचानक मरू लागली. गव्हाच्या पिठाचे पदार्थ खाल्ल्यावर उलट्या, घाम, झटके आणि थोड्याच वेळात मृत्यू, असा तो प्रकार होता. शंभराहून अधिक माणसे दगावली. शोध घेता उलगडा झाला की 'फॉलिडॉल' या नावाने विकले जाणारे पॅराथिऑन हे अतिजहाल कीटकनाशक आणि अन्नाच्या गोणी जहाजाच्या एकाच भागात भरून आणल्या होत्या. विष गळले, गोणींत झिरपले आणि गोणी बाजारात गेल्या. घातपात नव्हता, कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. विष आणि अन्न शेजारी ठेवू नये, असे सांगणारा नियम कोठे लिहिलेला नव्हता, इतकेच.

केंद्र सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन न्यायाधीश जे. सी. शहा यांच्याकडे सोपविण्यात आले. हेच न्यायमूर्ती शहा पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले आणि १९७७ मध्ये आणीबाणीची चौकशी करणाऱ्या आयोगामुळे घरोघरी ठाऊक झाले. त्यांच्या या पहिल्या आयोगाची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. वस्तुतः आपला कीटकनाशक अधिनियम याच आयोगाचे अपत्य होय. आयोग, समित्या, मसुदे या नेहमीच्या वाटेने जात तो संमत व्हायला १९६८ साल उजाडले आणि प्रत्यक्ष अंमलात यायला १ ऑगस्ट १९७१. दुर्घटनेपासून अंमलबजावणीपर्यंत तेरा वर्षे गेली.

कायदा म्हणून तो वाईट नाही. त्याने केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समिती निर्माण केली. नोंदणीशिवाय कोणतेही कीटकनाशक बनविता वा आयात करता येणार नाही आणि परवान्याशिवाय विकता येणार नाही, असा दंडक घातला. बाटलीवर रंगीत त्रिकोण आला : अतिजहाल विषाला लाल, त्याहून सौम्य असलेल्याला पिवळा, नंतर निळा आणि सर्वांत सौम्य असेल त्याला हिरवा. निरीक्षकाने नमुना घेतला की त्याचे तीन भाग करावयाचे. एक विक्रेत्याला, एक विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी. वेष्टनात पत्रक हवे. त्यात मात्रा, वापरण्याची रीत, विषबाधेची लक्षणे आणि उतारा लिहिलेला हवा. वाहतुकीत अन्नपदार्थ आणि कीटकनाशके एकत्र येऊ नयेत याचीही तरतूद झाली. म्हणजे १९५८ च्या जहाजाला जे उत्तर द्यावयास हवे होते ते कायद्याने चोख दिले.

पण ज्या अपघातातून कायदा जन्मतो, त्याच अपघाताच्या आकाराचा तो होऊन बसतो. या कायद्याची नजर बाटलीवर होती : ती कोठे बनली, कशी आली, कोणी विकली. बाटली दुकानाबाहेर पडली की कायद्याची नजर संपते. अधिनियमाचे कलम ३८ सांगते की स्वतःच्या घरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतःच्या लागवडीखालील जमिनीसाठी कोणी कीटकनाशक वापरीत असेल तर त्या वापराला हा कायदा लागू नाही. याचा हेतू समजण्याजोगा आहे. कोट्यवधी शेतकऱ्यांच्या मागे निरीक्षक लावणे शक्य नव्हते आणि इष्टही नव्हते. परंतु त्याचा परिणाम असा झाला की ज्या ठिकाणी विष झाकणातून बाहेर येते, पाण्यात मिसळते, पाठीवरच्या पंपातून वाऱ्यावर उडते, नेमके तेच ठिकाण कायद्याच्या बाहेर राहिले. नियमांत फवारणी करणाऱ्यांच्या अंगावर संरक्षक कपडे असावेत असे लिहिले आहे खरे; पण ते पाहावयाचे कोणी आणि कोणाच्या शेतात, हा प्रश्न अनुत्तरित आहे. आणि शेतमालकाला मिळालेल्या या सवलतीची किंमत बहुधा रोजंदारीवर फवारणारा मजूर मोजतो.

कायद्याने सोडलेली ही जागा सल्ल्याने भरून काढावी, अशी अपेक्षा होती. कृषी विद्यापीठे आणि विस्तार अधिकारी शिकवतील, शेतकरी ऐकतील. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सल्ला देतो तो विक्रेता. आणि ज्याचे पोट विक्रीवर आहे त्याने 'यंदा फवारणीची गरज नाही' असे सांगावे ही अपेक्षाच चुकीची. याचे फळ आंध्रात दिसले. गुंटूर आणि प्रकाशम् जिल्ह्यांत कापसावर नव्याने आलेल्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड रसायनांची बेसुमार फवारणी झाली. बोंडअळीचे शत्रू असलेले मित्रकीटक मेले, अळी रसायनाला सरावली आणि पूर्वी दुय्यम असलेली पांढरी माशी मातली. १९८७-८८ चा हंगाम बुडाला, शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. दहा वर्षांनी, १९९७-९८ मध्ये, वरंगळकडे हीच शोकांतिका पुन्हा घडली. कित्येकांनी जीव दिला तो त्याच 'मंदु'च्या बाटलीने. किडीवर न चाललेले औषध माणसावर मात्र चालले.

या अनुभवातून एक गोष्ट मला पटली. 'सुरक्षित वापर' आणि 'प्रभावी वापर' असे दोन वेगळे विषय आपण शासकीय पुस्तिकांत मांडतो. शेतात ते वेगळे नसतात. गुलाबी बोंडअळीसाठी सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री आठ पतंग सापडले तरच फवारा, हा शास्त्रज्ञांचा निकष घ्या. तो पाळला तर पैसे वाचतात, अळी रसायनाला सरावण्याचा वेग मंदावतो आणि मजुराच्या अंगावर विष पडण्याचे प्रसंगही कमी होतात. योग्य कीड, योग्य वेळ, योग्य मात्रा, योग्य रीत यांतले एकही पाऊल चुकले तर पीक आणि माणूस दोघांचेही नुकसान होते. १९८५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक कीड व्यवस्थापन हे धोरण म्हणून स्वीकारले ते यासाठीच. त्याची केंद्रे उघडली, शेतीशाळा भरल्या. पण दुकाने गावोगावी होती आणि शेतीशाळा क्वचित कोठेतरी.

जेथे कायदा पूर्णपणे लागू होता तेथे तरी काय झाले? केरळच्या कासारगोड जिल्ह्यात सरकारी मालकीच्या महामंडळाच्या काजूबागांवर दोन दशकांहून अधिक काळ, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फानची फवारणी होत राहिली. हवाई फवारणीची सूचना जनतेला किमान चोवीस तास आधी द्यावी, त्या क्षेत्रात माणसे-जनावरे शिरू देऊ नयेत, असे १९७१ च्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. पण बागांच्या खालीच घरे, विहिरी, ओढे होते. माणसांनी जावे तरी कोठे? अपंगत्व घेऊन जन्मलेली मुले तेथील गावांनी पाहिली. १९९८ मध्ये या फवारणीविरुद्ध न्यायालयात गेल्या त्या लीलाकुमारी अम्मा, कृषी खात्यातल्याच एक कर्मचारी. सर्वोच्च न्यायालयाने देशभर एंडोसल्फानवर बंदी घातली ती मे २०११ मध्ये आणि पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला तो जानेवारी २०१७ मध्ये. शासनाच्या सेवेत असलेल्या माणसाने शासनाच्याच चुकीवर बोट ठेवले, हे उदाहरण आम्हा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात सांगितले जावे, असे मला वाटते.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावातल्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. तपासात स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. १९५८ मध्ये जहाजात विष आणि अन्न शेजारी आले होते. पंचावन्न वर्षांनी ते एका गावच्या स्वयंपाकघरात एकत्र आले. मधल्या काळात कायदा, नियम, मंडळ, प्रयोगशाळा सारे झाले होते.

आणि मग यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात कापूस नेहमीपेक्षा उंच वाढला होता. फवारणाऱ्याच्या खांद्याच्या, काही ठिकाणी डोक्याच्याही वर पऱ्हाटी गेली. उकाडा, दमट हवा, दोन-तीन रसायनांचे मिश्रण आणि जोरदार फवारा उडविणारे नवे पंप. वर मारलेले विष अंगावर पडत राहिले. वीसच्या आसपास माणसे गेली, शेकडो रुग्णालयात पोहोचली. राज्य सरकारने नोव्हेंबरमध्ये, म्हणजे हंगाम उतरणीला लागल्यावर, पश्चिम विदर्भात पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. साठच का? कारण कलम २७ नुसार राज्याला तेवढाच अधिकार आहे; फार तर आणखी तीस दिवस. कापूस शेतात उभा राहतो त्याहून जास्त. कायमची बंदी केंद्राच्या हाती. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर वापरू नये, हा आदेश २००५ चा. त्याच्या नेहमीच्या ३६ टक्के द्रावणाला निरोप देणारा आदेश निघाला २०२३ मध्ये. मूळ कायदा बदलण्याची विधेयके २००८ आणि २०२० मध्ये राज्यसभेत मांडली गेली.

हे सारे लिहिताना स्वतःला बाजूला ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जिल्हा पातळीवर काम करताना दरमहा कीटकनाशकांचा आढावा माझ्यापुढे येत असे. नमुने किती काढले, किती अप्रमाणित ठरले, किती खटले दाखल झाले, किती परवाने निलंबित झाले, असे रकाने त्यात होते. विश्लेषकाचा अहवाल साठ दिवसांत यावा अशी मुदत आधी होती. २००० च्या दुरुस्तीने ती तीस दिवसांवर आली. तरीही अहवाल हाती येईपर्यंत त्या खेपेच्या बहुतेक बाटल्या शेतात रित्या झालेल्या असत. त्या तक्त्यात फवारणाऱ्या माणसासाठी एकही रकाना नव्हता. किती जणांना चक्कर आली, किती जणांना उपचार करावे लागले, हे मी कधी विचारले नाही, कारण तक्त्याने मला ते विचारले नव्हते. विषबाधेच्या घटना कळविणे बंधनकारक करण्याचा अधिकार कलम २६ राज्याला देते, हे मला ठाऊक होते. मी तक्ता तपासला, बेरीज बरोबर आहे हे पाहिले आणि सही केली. अशा सह्या मी वर्षानुवर्षे केल्या.

उपाय अशक्यप्राय नाहीत. विषबाधेची नोंद प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रातून आरोग्य खात्याकडे आणि कृषी खात्याकडे एकाच वेळी जावी. ॲट्रोपिनसारखा उतारा हंगामात तालुक्याला हाताशी असावा. फवारणी हे कुशल काम मानून मजुराला प्रशिक्षण, वेगळा दर आणि विमा मिळावा. ऑक्टोबरच्या उन्हात अंगावर ठेवता येईल असे संरक्षक कापड आपल्या हवामानासाठी तयार व्हावे. परदेशी पुस्तिकेतला रबरी पोशाख विदर्भात किंवा तेलंगणात कोणी घालणार नाही. आणि सल्ला व विक्री ही दोन कामे वेगळ्या माणसांकडे असावीत.

वाचकांपैकी बरेच जण गावापासून दूर, परप्रांतांत वा परदेशांत आहात. गावाकडे दूरध्वनी कराल तेव्हा पाऊसपाण्याबरोबर 'यंदा औषध किती वेळा मारले?' हेही विचारीत चला. आणि त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारा : 'मारले कोणी?' जो प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता, तो निदान आपल्या घरच्या बोलण्यात तरी असावा.