लोड सेल : ऊसकाट्यावरचा आकडा येतो कुठून?

गळीत हंगाम सुरू झाला की चिकोडी, अथणी, निपाणी भागात काटामारीची चर्चा ठरलेली. ट्रॅक्टर काट्यावर चढतो, खोलीतल्या डब्यावर आकडा उमटतो आणि त्याच आकड्यावर वर्षाचं बिल निघतं. हा आकडा तयार करणाऱ्या भागाला लोड सेल म्हणतात. एका प्रकारची ऊर्जा किंवा संकेत दुसऱ्या प्रकारात बदलणारं साधन म्हणजे ट्रान्सड्यूसर. माइक आवाजाची वीज करतो, लोड सेल वजनाची.

काट्याच्या प्लॅटफॉर्मखाली साधारण चार, सहा किंवा आठ लोड सेल असतात. दिसायला नुसता पोलादी ठोकळा. पण त्यावर धातूच्या पातळ पट्टीची नागमोडी जाळी चिकटवलेली असते, ती स्ट्रेन गेज. भार आला की पोलाद मिलिमीटरच्या अंशाने दबतं. जाळी ताणली की तिचा विद्युतरोध वाढतो, दबली की कमी होतो. हा गुण केल्विन यांनी १८५६ मध्ये तारांवर दाखवला होता; चिकटवायचा गेज मात्र १९३८ च्या सुमारास अमेरिकेत सिमन्स आणि रूज यांनी वेगवेगळा तयार केला. चार गेज व्हीटस्टन ब्रिज पद्धतीने जोडतात. १० व्होल्ट दिले तर पूर्ण क्षमतेच्या भाराला बाहेर येतात जेमतेम २० मिलिव्होल्ट, म्हणजे पेन्सिल सेलच्या पंचाहत्तराव्या हिश्श्याइतके. सगळ्या सेलच्या तारा जंक्शन बॉक्समध्ये एकत्र येतात, तिथून इंडिकेटरला जातात आणि मग किलोचा आकडा दिसतो. एवढ्या बारीक संकेताला केबलमध्ये शिरलेलं पावसाचं पाणीसुद्धा बिघडवतं.

शेतकरी काट्यावर चढण्याआधी शून्य आहे का ते बघतो. बघावंच, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. काटा शून्याऐवजी ३० किलो दाखवत असेल, तर भरल्या गाडीतही ते ३० धरले जातात आणि रिकाम्या गाडीतही; वजाबाकीत ते उडून जातात. अर्थात मधल्या वेळेत शून्य हललं नसेल तरच. खरी मेख असते ‘स्पॅन’मध्ये, म्हणजे किती मिलिव्होल्टला किती किलो धरायचे या हिशेबात. तिथे एक टक्का कमी धरला तर २० टन उसामागे २०० किलो गेले. २०२५-२६ चा केंद्राचा एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये. त्या हिशेबाने एका खेपेला ७१० रुपये.

हा फरक माणूस काट्यावर उभा करून सापडत नाही. असे काटे बहुधा ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात आणि ७० किलोच्या माणसात एक टक्का म्हणजे पाऊण किलोही नाही. त्यासाठी भरलेली गाडी दुसऱ्या, मुद्रांकित काट्यावर तोलून बघावी लागते. सगळी चाकं प्लॅटफॉर्मवर आहेत ना, ड्रायव्हर दोन्ही वेळा बसलेला किंवा दोन्ही वेळा उतरलेला आहे ना, आणि प्लॅटफॉर्मच्या कडेच्या फटीत पाचट-चिखल अडकला नाही ना, हेही बघायचं. फटीत काही अडकलं की भार कडेच्या भिंतीवर जातो आणि सेलला कमी पोचतो.

ऊस सीमेच्या इकडून तिकडे जातो, तरी कायदा एकच : केंद्राचा वैधमापनशास्त्र कायदा, २००९. वाहनकाट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी व्हावी लागते. ती त्या त्या राज्याचा विभाग करतो आणि सील लावतो. सील तुटलेलं दिसलं तर तक्रार त्याच विभागाकडे, म्हणजे काटा ज्या राज्यात आहे तिथल्या.

नव्या काट्यांवर डिजिटल लोड सेल येऊ लागलेत. त्यांत संकेताचे अंक सेलच्या आतच होतात, त्यामुळे मधल्या तारेत काही जोडून आकडा फिरवणं अवघड जातं. इंडिकेटरमधला स्पॅन मात्र तिथेही माणूसच भरतो.