पायली आणि किलो

मैत्रिणींनो, आपल्या भिवंडी तालुक्यातल्या गावांत भात पिकतं आणि जुन्या बायका ते मापानंच मोजत. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा भरायचा शेर. तोलायचा शेर निराळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. नाव एक, शेर दोन! शिवाय माप शीग लावून भरायचं की सपाट, हे मापणाऱ्याच्या हाती. दाणे देताना सपाट आणि परत घेताना शिगेचं माप भरलं, तर गरिबाची कणगी रिकामी व्हायची.

१९५६ साली कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलो टप्प्याटप्प्यानं बाजारात आला. चुलीपाशी मात्र आपण अजून वाटीनंच मोजतो. घरच्यापुरतं ते ठीक. पण गटाचे पापड किलोनं विकायचे, तर वाटीचा हिशेब चुकतो. एकाच वाटीत तांदूळ जड भरतात, चाळलेलं पीठ हलकं.

म्हणून आपलं माप सपाट भरून एकदा काट्यावर ठेवू. भांड्याचं वजन वजा करू. तांदूळ, पीठ, उडीद, प्रत्येकाचं वजन वहीत लिहू. आजीचं मापटं राहू दे. त्यात किती ग्रॅम मावतं, ते आपल्याला ठाऊक हवं.