ग्राफिक्स कार्डच्या मेमरीचे शीतन

संगणकाच्या ग्राफिक्स कार्डला वॉटर कूलिंग बसवताना मुख्य चिपभोवतीच्या मेमरी चिप्सची उष्णता बाहेर काढण्याची व्यवस्था. घरी जुळवलेल्या संगणकांत नेमकी हीच बाब मागे पडते. पडद्यावर ठळक दिसणारा तापमानाचा आकडा बहुधा मुख्य चिपचा, म्हणजे जीपीयूचा असतो. पाणी फिरू लागले की तो ७५ अंशांवरून ५०च्या आसपास उतरतो आणि बसवणारा खूश होतो. त्या चिपपासून बोटभर अंतरावरच्या मेमरीची चौकशी मात्र कोणी करत नाही.

कार्डाची मूळ पंखेवाली जोडणी उघडून पाहिली की मेमरीची सोय कशी केलेली असते ते कळते. मध्यभागी जीपीयू आणि त्याच्या तीन-चार बाजूंना साधारण १४ बाय १२ मिलिमीटरच्या काळ्या मेमरी चिप्स असतात. पलीकडे वीज नियंत्रित करणाऱ्या भागांची रांग असते. मूळ कूलरची धातूची पट्टी या सगळ्यांवर मऊ थर्मल पॅडमधून टेकलेली असते, शिवाय पंख्यांचा वारा कार्डावरून फिरतो. कूलर काढला की हे दोन्ही आधार एकदमच जातात. जीपीयूला पाणी मिळते, मेमरीला काय मिळते हे निवडलेल्या ब्लॉकवर, म्हणजे आतून पाणी वाहणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, अवलंबून राहते.

ब्लॉक दोन प्रकारचे. ‘युनिव्हर्सल’ ब्लॉक फक्त जीपीयूवर बसतो. तो स्वस्त असतो आणि कार्ड बदलले तरी पुढच्या कार्डाला चालतो, पण मेमरीशी त्याचा संबंध येत नाही. त्यामुळे प्रत्येक मेमरी चिपवर छोटा हीटसिंक चिकटवणे आणि त्यावर पंख्याचा वारा सोडणे भाग पडते. एनझेडएक्सटी कंपनीच्या ‘क्रॅकन जी१२’ या जोडसामानात ९२ मिलिमीटरचा पंखा दिलेला असे तो याचसाठी. जीपीयूवर तयार पाणकूलर बसायचा आणि बाजूचा पंखा मेमरीवर व वीजभागांवर वारा सोडायचा. चिकटवलेले हीटसिंक हे या पद्धतीचे दुखणे आहे. केसमध्ये कार्ड आडवे बसते आणि चिप्सची बाजू खाली येते. तापून टेपची पकड सैल झाली की हीटसिंक सुटतो आणि खाली पडतो. धातूचा तुकडा चालू सर्किटला लागला तर काय होते ते सांगायला नको.

‘फुल कव्हर’ ब्लॉक हा दुसरा प्रकार. निकेलचा मुलामा दिलेल्या तांब्याची ही पाटी जीपीयू, मेमरी आणि वीजभाग या सगळ्यांवर पसरते. तिच्यातले पाणी मेमरीच्या डोक्यावरूनही वाहते. हा ब्लॉक महाग असतो आणि एका विशिष्ट सर्किट बोर्डासाठीच कापलेला असतो. नावाने सारखी दिसणारी दोन कार्डे वेगवेगळ्या कंपन्यांची असतील तर त्यांचे बोर्ड वेगळे असू शकतात, आणि एकाचा ब्लॉक दुसऱ्याला बसत नाही. खरेदीआधी कार्डाचे पूर्ण मॉडेल तपासावे लागते ते यामुळे.

फुल कव्हर ब्लॉक आणला म्हणजे काम झाले असेही नाही. जीपीयूवर थर्मल पेस्टचा पातळ थर लागतो, मेमरीवर मात्र पॅड लागतात, कारण मेमरी आणि ब्लॉक यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. हे पॅड अर्धा, एक, दीड, दोन मिलिमीटर अशा जाडीत मिळतात. सगळा खेळ या जाडीचा आहे. पॅड ठरल्यापेक्षा जाड पडला तर ब्लॉक मेमरीवरच अडतो आणि जीपीयूला नीट टेकत नाही. पातळ पडला तर उलटे होते: जीपीयू गारेगार आणि मेमरी हवेत. पाकिटावर छापलेली उष्णतावाहकता कितीही मोठी असली, तरी न टेकलेल्या पॅडला ती लागू होत नाही. दुकानात मात्र लोक आधी तोच आकडा वाचतात.

जाणकार म्हणूनच ब्लॉक दोनदा बसवतात. पहिल्या खेपेला स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरच्या कोपऱ्यांतून थोडे थोडे फिरवत नेतात, मग पुन्हा खोलतात आणि पॅड उजेडात धरून पाहतात. चिपचा चौकोन पॅडवर कडेपर्यंत स्पष्ट उमटलेला असेल तर दाब बरोबर आहे. अर्धाच ठसा असेल तर ब्लॉक तिरका बसला आहे. पॅड कोराच निघाला तर ती चिप उघडीच राहिली असती. त्या ठशांवरून ब्लॉक कुठे उचललेला आहे ते चिपगणिक वाचता येते. मग पेस्ट पुसून नवी लावायची आणि शेवटचे आवळायचे. आठवड्यानंतर गेम अडखळू लागल्यावर सगळे पाणी काढून ब्लॉक खोलण्यापेक्षा पाव तासाचे हे काम परवडते.

मेमरी तापली तर बिघडते काय? डीरॅम प्रकारच्या मेमरीत प्रत्येक बिट हा एका सूक्ष्म धारित्रातला विद्युतभार असतो. तो सारखा झिरपत असतो आणि ठरावीक वेळाने पुन्हा भरावा लागतो. तापमान चढते तशी झिरप वाढते. चुका वाढल्या की पडद्यावर रंगीत ठिपके आणि चौकोन दिसू लागतात किंवा संगणक गोठतो. जीडीडीआर६एक्स या जातीत चूक पकडून तोच डेटा पुन्हा पाठवण्याची सोय आहे. त्यामुळे पडद्यावर काहीच बिघडलेले दिसत नाही, फक्त वेग गुपचूप घटतो. रोग लपवणारी ही सोय निदान करणाऱ्याला चकवते.

या साऱ्या विषयाकडे जगाचे लक्ष वळवले ते एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०९० या कार्डाने. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या या कार्डावर २४ जीबी मेमरी होती, आणि त्या वेळी जीडीडीआर६एक्सची एक चिप एकाच जीबीची मिळे. मग २४ चिप्स मावणार कुठे? १२ पुढे आणि १२ बोर्डाच्या पाठीला. पुढच्या १२ चिप्सना फुल कव्हर ब्लॉकचे पाणी मिळाले. पाठीकडच्या चिप्स बॅकप्लेट नावाच्या साध्या पत्र्याखाली अडकल्या. त्याच काळात इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग जोरात होते आणि त्या कामाचा सगळा ताण मेमरीवर येतो. जीपीयू पन्नाशीत असताना मेमरी ११० अंशांना टेकायची आणि कार्ड स्वतःहून वेग कमी करायचे. २०२१ च्या सुरुवातीला एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम या मेमरीचे आतले तापमान दाखवू लागला, तेव्हा कित्येकांना आपल्या कार्डाची खरी अवस्था पहिल्यांदा कळली.

त्यावर ईके, अल्फाकूल यांसारख्या ब्लॉक बनवणाऱ्या कंपन्यांनी पाठीकडूनही पाणी फिरवणारी बॅकप्लेट काढली. ज्यांना तो खर्च नको होता त्यांनी पाठीवर जाड पॅड, जुन्या प्रोसेसरचा हीटसिंक आणि एक पंखा असा जुगाड केला. दिसायला तो ओबडधोबड होता, तरी चालायचा. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ३०९० टीआयमध्ये दोन जीबीच्या १२ चिप्स सगळ्या पुढेच बसल्या आणि पाठीचा प्रश्न मुळातूनच मिटला.

पाणी इतकी उष्णता कशी वाहते याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८० ज्यूल लागतात. ३५० वॉटच्या कार्डातून मिनिटाला एक लिटर पाणी गेले तर ते आत शिरताना आणि बाहेर पडताना फरक पडतो अवघा पाच अंशांचा. म्हणजे ब्लॉकच्या शेवटच्या टोकाला असलेल्या मेमरीलाही पुरेसे गार पाणीच मिळते. मेमरी तापलेली सापडली तर दोष बहुतेक वेळा पॅडचा असतो, पाण्याचा नव्हे.

पण पाण्याने गोळा केलेली उष्णता शेवटी रेडिएटरमधून हवेतच जाते, आणि तिथे गावाची उंची व हवाही हिशेबात धरावी लागते. नंदुरबार जिल्ह्यातले तोरणमाळ सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १३ टक्क्यांनी कमी असतो. पंखा तितक्याच वेगाने फिरला तरी त्याच्या हाती विरळ हवा लागते. मात्र उंचीबरोबर हवा थंडही होते, दर हजार मीटरला ढोबळमानाने साडेसहा अंशांनी. त्याच जिल्ह्यातल्या शहाद्याच्या सपाटीवर ४० अंश असताना तोरणमाळला ३४च्या आसपास धरले आणि शहाद्यात रेडिएटरचे पाणी हवेपेक्षा दहा अंश वर राहते असे मानले, तर तिथे पाणी होईल ५० अंश. तोरणमाळला विरळ हवेमुळे हा फरक अकरा-साडेअकरा झाला तरी पाणी ४५-४६ वरच थांबेल. वारा विरळ असूनही पाण्याच्या वाटेने थंड होणारे कार्ड डोंगरावरच सुखी. चिकटवलेल्या हीटसिंकवरची मेमरी मात्र पूर्णपणे त्या विरळ वाऱ्याच्या भरवशावर असते. विरळ हवेचा तोटा तिला अधिक जाणवतो आणि थंडाव्याच्या फायद्यातला काही भाग त्यात जातो.

पावसाळ्यात तोरणमाळला धुके उतरते तेव्हा ब्लॉकवर दव धरेल का, ही शंका रास्त आहे. साध्या रेडिएटरवरचे पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, म्हणून चालू कार्डावर दव धरत नाही. चिलर लावून पाणी हवेखाली नेले तरच तो धोका. पाणी मात्र डिस्टिल्डच हवे, त्यात शेवाळ रोखणारे औषध घालून. तिथला यशवंत तलाव कितीही नितळ दिसला तरी त्याचे पाणी ब्लॉकच्या बारीक खाचांत क्षार आणि शेवाळ सोडेल. तांब्याच्या ब्लॉकसोबत ॲल्युमिनियमचा रेडिएटर जोडणे हीही तितकीच मोठी चूक: दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजू लागते.

महाराष्ट्रात द्रवशीतनाचे मोठे उदाहरण पुण्यात आहे.   राष्ट्रीय सुपरकंप्युटिंग मोहिमेतून २०१९ मध्ये पुण्याच्या आयसर संस्थेत बसवलेल्या परम ब्रह्म या सुपरकंप्युटरला थेट संपर्काचे द्रवशीतन आहे. प्रोसेसरला टेकलेल्या थाळीतूनच द्रव वाहतो. सी-डॅक या संस्थेचा परम सिद्धी-एआय हा सुपरकंप्युटर नोव्हेंबर २०२० च्या वेगवान सुपरकंप्युटरांच्या जागतिक यादीत ६३वा आला. त्यातल्या एनव्हिडियाच्या ए१०० चिप्सची एचबीएम मेमरी जीपीयूच्या शेजारी, एकाच पॅकेजवर थरांनी रचलेली असते. जीपीयूवर बसणारी थाळी मेमरीवरही आपोआप बसते आणि वेगळ्या पॅडची गरजच उरत नाही. घरगुती कार्डांत ही मेमरी एएमडीने जून २०१५ मध्ये फ्युरी एक्सवर आणली. ते कार्ड कारखान्यातूनच पाणकूलरसह येत असे. महागाईमुळे घरगुती कार्डांत एचबीएम टिकली नाही, आणि जानेवारी २०२५ च्या आरटीएक्स ५०९० वरही जीडीडीआर७च्या १६ चिप्स जीपीयूभोवतीच मांडलेल्या आहेत.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगची पद्धत बंद केल्यावर मायनिंगची कार्डे जुन्या बाजारात आली. वर्षानुवर्षे तापलेल्या अशा कार्डांतले पॅड कडक झालेले आणि त्यांतले सिलिकॉन तेल बोर्डावर झिरपलेले आढळते. ते तेल वीज वाहत नाही, त्यामुळे डाग पाहून घाबरण्याचे कारण नसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते पुसले जाते. मूळ पॅडची जाडी मात्र काढतानाच मोजून ठेवावी, आणि तीही दबलेल्या मधल्या भागाची नव्हे, चिपबाहेर उरलेल्या कडेची.