कोकचं तिसरं काम

आजचा भाग ब्लास्ट फर्नेसवर, आणि खरं सांगायचं तर तिच्या पोटातल्या कोळशावर.

सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या लोखंडाच्या भट्ट्या लाकडी कोळशावर चालायच्या. जमिनीखाली दगडी कोळसा भरपूर होता, पण त्यातलं गंधक लोखंडात उतरायचं आणि असं लोखंड तापवून ठोकलं की तडकायचं.

१७०९ साली श्रॉपशायरमधल्या कोलब्रुकडेलला एब्राहम डार्बीने कोक वापरून भट्टी चालवली. कोक म्हणजे हवा लागू न देता भाजलेला दगडी कोळसा. भाजताना बरंच गंधक निघून जातं. शिवाय तिथल्या कोळशात ते मुळातच कमी होतं.

आता भट्टीत काय होतं बघा. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी टाकायची, खालून हवेचा झोत सोडायचा. कोक जळून उष्णता मिळते, हे पहिलं काम. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो, हे दुसरं. चुनखडी खनिजातल्या मातीशी मिसळून मळी होते आणि वितळलेल्या लोखंडावर तरंगते.

तिसरं काम सहसा कोणी सांगत नाही. कोक वरचं सगळं वजन पेलतो आणि तुकड्यांमधून हवेला वाट ठेवतो. लाकडी कोळशाचा दाबाखाली चुरा व्हायचा, म्हणून भट्टी फार उंच बांधता येत नसे. कोकमुळे ती वाढू शकली.

तरी जग लगेच बदललं नाही हं. डार्बीचं लोखंड भांडी ओतायला झकास, पण त्यात सिलिकॉन जास्त. त्यामुळे घडीव लोखंड बनवणारे सुमारे चाळीस वर्षं नाक मुरडत राहिले. डार्बी १७१७ मध्ये वारला. चित्र पालटलं ते १७५० नंतर, त्याच्या मुलाच्या काळात.

आजही भट्टीतून निघणाऱ्या लोखंडात साधारण ४ टक्के कार्बन असतो. ऑक्सिजन फुंकून तो जाळला की स्टील होतं. या सगळ्यात प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून आता कोकऐवजी हायड्रोजनचे प्रयोग चालू आहेत. हायड्रोजन खनिजातला ऑक्सिजन काढू शकतो, पण वजन पेलणार कोण? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत ही लपलेली डिपेंडन्सी. म्हणून नुसतं इंधन बदलून भागत नाही, भट्टीच वेगळी बांधावी लागते.