सोड्याचे कारखाने आणि आम्लाचा पाऊस

काच, साबण आणि कापड या तिन्ही धंद्यांना सोडा लागतो. अठराव्या शतकात युरोपात तो मुख्यतः समुद्रकाठच्या वनस्पतींच्या राखेतून मिळे, आणि त्या राखेसाठी फ्रान्सला स्पेनच्या तोंडाकडे पाहावे लागे. म्हणून साध्या मिठापासून सोडा करून दाखविणारास फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने १७७५ साली बक्षीस जाहीर केले. निकोला लब्लां या वैद्याने ती कृती शोधून काढली व १७९१ साली तिचे पेटंट मिळविले. बक्षीस मात्र त्याच्या हाती कधीच पडले नाही. त्याचा आश्रयदाता ओर्लेआंचा ड्यूक १७९३ साली क्रांतीत बळी गेला, कारखाना जप्त झाला, आणि विपन्नावस्थेत लब्लांने १८०६ साली स्वतःचे जीवन संपविले. त्याच्या कृतीवर गबर झाले ते इंग्लंडातील कारखानदार.

कृती दोन पायऱ्यांची होती. मिठावर गंधकाम्ल घालून तापविले की सोडियम सल्फेट तयार होई. ते कोळसा व चुनखडी यांच्यासह भट्टीत भाजून पाण्यात भिजत घातले की सोडा पाण्यात उतरे. पण रसायनशास्त्राचा हिशेब चोख असतो. ११७ भार मिठातून १०६ भार सोडा निघतो, त्याच वेळी ७३ भार हायड्रोजन क्लोराइड वायू मोकळा होतो. मिठातील क्लोरीन कोठे तरी जाणारच! हा वायू दमट हवेत शिरला की त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. भट्टीतून उरलेला गंधकयुक्त गाळही साधा नसे. कारखान्याबाहेर त्याच्या टेकड्या साठत, आणि पावसाने भिजल्या की सडक्या अंड्यांसारखी दुर्गंधी सोडत.

जेम्स मस्प्रॅट याने १८२३ साली लिव्हरपूल येथे हा धंदा सुरू केला. पुढे सेंट हेलेन्स, विडनेस, रन्कॉर्न ही गावे सोड्याच्या कारखान्यांनी भरून गेली. आसपासची झाडे निष्पर्ण झाली, कुंपणे करपली, पिके बुडाली. लोक न्यायालयात गेले; १८३८ साली मस्प्रॅटविरुद्ध निकालही लागला. परंतु अशा दाव्यांत एक मोठी मेख होती. एका गावात पाच-सहा धुराडी असली तर माझे शेत नेमके कोणत्या धुराड्याने जाळले, हे शेतकऱ्याने सिद्ध कसे करावयाचे? ज्याच्यापाशी वकिलाला देण्यास पैसा नाही त्याचा तर प्रश्नच नव्हता.

कारखानदारांचा उपाय सोपा होता : धुराडे उंच करावे. ग्लासगो येथील टेनंट यांच्या कारखान्यात १८४२ साली ४३५ फूट उंचीचे धुराडे उभे राहिले. वायू त्यामुळे नाहीसा झाला नाही, शेजारच्या शेताऐवजी दूरच्या शेतात जाऊन पडला, इतकेच.

खरा उपाय आधीच सापडलेला होता. विल्यम गॉसेज या रसायनज्ञाने १८३६ साली एक पडीक पवनचक्की घेतली, ती काटेरी झुडपे व काटक्या यांनी भरली, वरून पाणी झिरपत सोडले आणि खालून वायू सोडला. हायड्रोजन क्लोराइड पाण्याचा विलक्षण लोभी आहे. एक घनफूट पाणी नेहमीच्या तापमानाला त्याचे चारशेहून अधिक घनफूट शोषून घेते. काटक्यांवर पाणी पसरल्याने वायूला ते जागोजागी भेटे. मनोरा स्वस्त होता, साधा होता, तरी कित्येक वर्षे अनेकांनी तो नीट वापरला नाही. कारण वायू हवेत सोडण्यास काहीच खर्च येत नसे.

अखेर जमीनदार चिडले. सेंट हेलेन्सजवळ लॉर्ड डर्बी यांची जहागीर होती. त्यांच्या पुढाकाराने १८६२ साली उमरावांच्या सभागृहाने चौकशी समिती नेमली, व १८६३ साली ‘अल्कली कायदा’ संमत झाला. गरिबांच्या खोकल्यापेक्षा उमरावांच्या झाडांची दाद लवकर लागली, हे मान्य केले पाहिजे. तथापि कायदा मोठ्या शहाणपणाने लिहिला होता. ‘उपद्रव करू नये’ असे मोघम न म्हणता, निर्माण होणाऱ्या वायूपैकी ९५ टक्के वायू अडविलाच पाहिजे, असे त्याने बजावले. ज्याचे मोजमाप होते तेच तपासता येते. तपासणीसाठी रॉबर्ट ॲंगस स्मिथ या स्कॉटिश रसायनज्ञाची निरीक्षक म्हणून नेमणूक झाली आणि त्याच्या हाताखाली चार उपनिरीक्षक दिले. एवढ्या मूठभर माणसांनी पहिल्याच वर्षात निसटणारा वायू सरासरी दोन टक्क्यांच्याही खाली आणला. स्मिथ खटल्यांपेक्षा सल्ल्यावर भर देई. तो कारखानदारांना फार सांभाळून घेतो, अशी टीका त्यावर झाली व ती अगदीच निराधार नव्हती. शिवाय कारखाने वाढले तसे उरलेले पाच टक्केही वाढले. म्हणून १८७४ साली कायदा बदलून धुराड्यातील दर घनफूट हवेत ०.२ ग्रेनहून अधिक आम्ल असू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. इकडे वाल्टर वेल्डन आणि हेन्री डीकन यांनी त्याच आम्लापासून क्लोरीन काढण्याच्या किफायतशीर रीती शोधल्या. क्लोरीनपासून कापड शुभ्र करण्याची ब्लीचिंग पावडर होई. जो वायू काल आकाशात उधळला जात होता, तो आता विकला जाऊ लागला.

स्मिथची नजर मात्र कारखान्याच्या आवारापुरती राहिली नाही. नोकरीच्या पूर्वीच, १८५२ साली, त्याने मँचेस्टरचा पाऊस तपासला होता. शहरापासून दूर, शेतांवर पडणाऱ्या पाण्यात अमोनियाचे कार्बोनेट असे. उपनगरांत अमोनियाचे सल्फेट आढळे. आणि भर शहरात मोकळे गंधकाम्ल. ते कोळशातील गंधकापासून आले होते. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि हवेतील प्राणवायू व बाष्प यांच्या संगतीने त्याचे गंधकाम्ल बनते. रंगीत कापड का विटते, लोखंड का गंजते, इमारतींचे दगड का झिजतात, याचा उलगडा त्यातून झाला. हे सारे त्याने १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले व आम्लाच्या पावसाचे नावही त्यात घातले. त्या वेळी आम्लता मोजण्याचे पीएच हे परिमाणसुद्धा नव्हते; ते १९०९ साली सोरेनसेनने दिले.

पण कोळसा घरोघरच्या शेगडीत जळत होता, आणि शेगडीवर निरीक्षक पाठविण्याचे धाडस कोणी केले नाही. स्मिथ १८८४ साली वारला. त्याचा ग्रंथ कपाटात पडून राहिला. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुरकट धुके साचले व त्यात सुमारे चार हजार माणसे दगावल्याचा अंदाज तेव्हा झाला. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. त्यानंतर १९५६ साली शुद्ध हवेचा कायदा आला आणि घरगुती धुरावर बंधने पडली. वीजकेंद्रांनी मात्र टेनंटचाच जुना मार्ग धरला : धुराडी आणखी उंच केली. १९६७ साली स्वांते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, स्वीडनमधील तळी आंबट होऊन त्यांतील मासे मरत आहेत, त्यास कारण असलेले गंधक ब्रिटन व मध्य युरोप येथून वाऱ्याबरोबर येत आहे. १९७९ साली जिनिव्हा येथे या सीमापार प्रदूषणाविषयी राष्ट्रांचा करार झाला. यॉर्कशरमधील ड्रॅक्स वीजकेंद्राचे २५९ मीटर उंच धुराडे तेव्हा नवेच होते. तेथे वायू धुण्याची यंत्रणा १९९६ साली पुरी झाली. मनोऱ्यात वरून चुनखडी मिसळलेले पाणी, खालून धूर, अशी तिची रचना होती. आणि त्यातून निघणारा जिप्सम भिंतींचे तक्ते करणारे विकत नेत असत.