पोलादाने घडवलेला फटका : गोल्फच्या स्विंगचा शास्त्रीय इतिहास

रायपूरजवळचे सिलतरा म्हटले, की स्पंज आयर्नच्या भट्ट्या, बिलेट आणि सळ्या डोळ्यांसमोर येतात. गोल्फ आठवण्याचे कारण नसते. तरीही गोल्फच्या फटक्याच्या इतिहासातले निर्णायक प्रकरण पोलादाचेच आहे. माणसाचे खांदे, कंबर आणि मनगटे शंभर वर्षांत बदलली नाहीत. बदलला तो हातातला दांडा, आणि त्याच्यामागोमाग ‘योग्य तंत्र’ कशाला म्हणावे याविषयीची समजूत.

भारतात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्यात १८२९ मध्ये आणि मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब स्थापन झाले. पुढे दांड्यांसाठी हिकरी या अमेरिकी वृक्षाचे चिवट लाकूड सर्वमान्य झाले. या लाकडाला एक खोड होती. दांड्याच्या टोकाला असलेल्या डोक्याचे वस्तुमान दांड्याच्या अक्षावर नसते, एका बाजूला असते. त्यामुळे वेग घेताना दांडा स्वतःभोवती पिळला जातो आणि डोक्याचा सपाट पृष्ठभाग चेंडूसमोर तिरका येतो. ही चूक आघातापूर्वी सुधारण्यासाठी खेळाडूला मनगटे वळवावी लागत. जुन्या छायाचित्रांतला तो सैल, लयदार, हातांवर बेतलेला फटका ही निव्वळ शैली नव्हती. ती लाकडाची सक्ती होती.

पोलादी नळीने ही सक्ती दूर केली. पोलाद लाकडाच्या कित्येक पट जड असते, पण पिळाला त्याचा विरोध त्याहूनही कितीतरी अधिक असतो. शिवाय गोल दांड्याची पिळाविरुद्धची दृढता त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार वाढते. म्हणून द्रव्य अक्षापासून दूर नेऊन पोकळ नळी केली, की थोड्या वजनात भरपूर दृढता मिळते. सेंट अँड्र्यूजच्या नियामक संस्थेने १९२९ मध्ये पोलादी दांड्यांना मान्यता दिली. त्यानंतरच्याच वर्षी बॉबी जोन्सने एका मोसमातल्या चारही प्रमुख स्पर्धा हिकरीच्या दांड्यांनी जिंकल्या. लाकडी युगाच्या अखेरच्या काळातला तो मोठा विजय ठरला.

टेक्सासमध्ये कॅडी म्हणून वाढलेला बायरन नेल्सन हिकरीवर शिकला होता. पोलाद हाती आल्यावर मनगटांची जुनी वळवणी चेंडू भलतीकडे नेते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने हातांची चळवळ कमी केली आणि पाय व कंबर यांना पुढाकार दिला. १९४५ मध्ये त्याने सलग ११ स्पर्धा जिंकल्या. आधुनिक स्विंगचा जनक म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

या फटक्याचे गणित मात्र नंतर उलगडले. १९६८ मध्ये अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी आपल्या ग्रंथात स्विंगचे वर्णन दुहेरी लंबक असे केले. खांद्यांमधून झुलणारे हात हा पहिला लंबक. मनगटांच्या बिजागरीवर फिरणारी क्लब हा दुसरा. प्रारंभी मनगटांतला कोन मिटलेला राहिला, तर जडत्व आघूर्ण कमी असते आणि हात सहज वेग घेतात. मग क्लब आपल्याच गतीने बाहेर उलगडते, हात मंदावतात आणि त्यांची ऊर्जा क्लबच्या डोक्यात उतरते. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही: हात आखडतो तेव्हाच दगड सुटतो. घाईने मनगटे उघडणारा नवशिका अधिक जोर लावतो आणि कमी वेग मिळवतो.

खाली येणारा फटका साधारण पाव सेकंदात आटोपतो. चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श जेमतेम अर्धा मिलिसेकंद टिकतो. आघाताची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच चेंडू निघून गेलेला असतो. म्हणून जे साधायचे ते क्रमातच साधावे लागते.

आणि क्रम महत्त्वाचा असेल, तर पकडीच्या पाठ्यपुस्तकी नियमाचे काय? दरबानचा भारतीय वंशाचा कॅडी पापवा सीवगोलम दोन्ही हात उलट्या क्रमाने धरी: उजवा वर, डावा खाली. त्या काळच्या प्रशिक्षकांच्या दृष्टीने हा दोषच होता. त्याच पकडीने त्याने १९५९, १९६० आणि १९६४ मध्ये डच ओपन जिंकली. १९६३ मध्ये नाताळ ओपन जिंकल्यावर वर्णभेदामुळे त्याला क्लबच्या इमारतीत प्रवेश नव्हता. चषक त्याने बाहेर, पावसात स्वीकारला. त्याच्या पकडीला भौतिकशास्त्राने कधी हरकत घेतली नव्हती, आणि त्याच्या प्रवेशाला हरकत घेणारा नियम तर निसर्गाचा नव्हताच.

टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळलेला पुण्याचा उदयन माने आणि १९३० चा बॉबी जोन्स यांच्या हातांत वेगळी साधने होती. कोनीय संवेगाचा नियम दोघांना सारखाच लागू होता. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही ‘योग्य पद्धती’कडे पाहताना हा भेद करावा: तिच्यातले निसर्गाने घातलेले बंधन किती, साधनाने घातलेले किती, आणि केवळ रूढीने घातलेले किती. पहिले पाळावेच लागते. दुसरे साधनाबरोबर बदलते. तिसरे तपासून पाहण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे.